पाण्यात लपलेला कोबी

"आज भाजी काय?"

"कोबी."

या उत्तरानंतर घरात पसरणारी शांतता तुमच्या ओळखीची असेल. कुणी कुरकुर करत नाही, कुणी खूशही होत नाही. भाज्यांच्या वर्गातला कोबी म्हणजे कधी त्रास न देणारा आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात न राहणारा मुलगा.

आता याच गड्ड्याचे आठ मोठे उभे काप करा. त्यांना तेल-मीठ चोळा, ट्रेमध्ये सुटे सुटे मांडा आणि २२० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये पस्तीस मिनिटं ढकलून द्या. मसाला नाही, फोडणी नाही, ढवळणं नाही. मध्ये एकदा उलटले की झालं.

दार उघडाल तेव्हा कडा तांबूस-काळपट झालेल्या असतील, भाकरीच्या पापुद्र्यासारख्या कुरकुरीत. मधला भाग इतका मऊ, की चमच्याने तुटावा. वास भाजलेल्या शेंगदाण्यांच्या जवळचा. आणि चव? चक्क गोड. पहिल्यांदा खाणारा हमखास विचारतो, "यात साखर घातली आहे का?"

घातलेली नाही. पण साखर आहे, आणि ती पहिल्यापासून आतच होती. मग इतकी वर्षं ती लपली होती कुठे? आणि ओव्हनने तिला शोधून कसं काढलं? चला, सुरीपासून सुरुवात करू.

गड्डा देठाकडून उभा कापा आणि दोन्ही भाग उजेडात धरा. मध्ये एक जाड, पांढरा सुळका दिसेल. भाजी चिरताना आपण तो कचऱ्यात टाकतो किंवा मुलांच्या हातात चघळायला देतो. तो आहे कोबीचा बुंधा. म्हणजे अख्ख्या झाडाचं खोड!

भेंडीचं रोप डोळ्यांसमोर आणा. खोड, त्याला एक पान, मग चार बोटं अंतर, मग पुढचं पान. आता घडीची दुर्बीण खटाखट मिटवावी तसं ते रोप मिटवून टाका. पानांमधलं अंतर जवळजवळ शून्य झालं, की पानं एकमेकांवर चढतील, एकमेकांना कवटाळतील आणि त्यांचा चेंडू होईल. कोबी नेमकं हेच करतो. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत गड्डा म्हणजे न उमललेली कळी. एक किलो वजनाची कळी! आतल्या पानांना जन्मात कधी ऊन लागलेलं नसतं, म्हणून ती अशी पांढरीफटक.

अजून जवळून बघा. पान जिथे दांड्याला चिकटतं त्या बेचक्यात कुठे कुठे बारीकशा कळ्या बसलेल्या दिसतील. युरोपातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करत या बगलेतल्या कळ्या मोठ्या केल्या आणि ब्रसेल्स स्प्राउट्स जन्माला आले. खोड फुगवलं तेव्हा नवलकोल मिळाला. फुलोरा दाट केला तेव्हा फ्लॉवर आणि ब्रोकोली. मंडईत या सगळ्यांचे वेगवेगळे ढीग लागतात, भाव वेगळे, गिऱ्हाइकं वेगळी. पण वनस्पती एकच, ब्रासिका ओलेरासिया. पामेरियन आणि अल्सेशियन शेवटी कुत्रेच, तसंच हे.

पण कोबी अशी मूठ आवळून का बसतो? कारण त्याचा बेत दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी पानं जमवायची, त्यांत अन्न साठवायचं. मग थंडीचे आठवडे काढायचे. पुढच्या वसंतात गड्डा फाडून उंच दांडा वर येतो आणि त्याला चार पाकळ्यांची पिवळी फुलं लागतात, थेट मोहरीच्या फुलांसारखी. आपल्याकडच्या मैदानी भागात ही फुलं सहसा दिसत नाहीत. त्यासाठी लागणारी कडाक्याची लांब थंडी इथे पडत नाही, आणि फुलण्याच्या आत आपण गड्डा कापलेलाही असतो. बियाणं धरायला हिमाचलातल्या कुलू खोऱ्यासारखी जागा लागते.

म्हणजे कोबीतली साखर ही फुलण्यासाठी बांधून ठेवलेली शिदोरी आहे. ती आपण वाटेतच पळवतो.

शिदोरी म्हटली की चोर आले. आणि चोर आले की राखण आली. ही राखण इतकी चतुर आहे, की इथे थोडं थांबलंच पाहिजे.

तुम्हाला हळद आणि चुन्याचा खेळ माहीत आहे. हळद पिवळी, चुना पांढरा. वेगवेगळ्या डब्यांत वर्षभर ठेवा, काही होत नाही. एकत्र कालवा, क्षणात लाल! कोबीच्या पानात अशाच दोन डब्या असतात. एकीत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त रसायनं, दुसरीत मायरोसिनेज नावाचं विकर. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. अळीने चावा घेतला, किंवा तुम्ही सुरी चालवली, की डब्या फुटतात, दोन्ही गोष्टी मिसळतात आणि एक झणझणीत तेल तयार होतं. कच्चा कोबी चावल्यावर जिभेच्या टोकाला लागणारा किंचित तिखटपणा तो हाच. शास्त्रज्ञ या यंत्रणेला 'मोहरीच्या तेलाचा बॉम्ब' म्हणतात.

मोहरीचं नाव इथे का आलं? कारण मोहरी ही कोबीची सख्खी चुलत बहीण, आणि तिच्याकडेही हीच शस्त्रं आहेत. याचा पुरावा तुमच्याच स्वयंपाकघरात आहे. लोणच्यासाठी मोहरीची डाळ पाणी घालून फेसली, की नाकात झणका जाऊन डोळ्यांतून पाणी येतं. तीच मोहरी कडकडीत तेलात तडतडली, की झणका गायब, नुसता खमंगपणा उरतो. असं का? फेसताना दोन्ही डब्या फुटतात आणि पाण्यात त्यांची गाठ पडते. फोडणीत मात्र तापलेलं तेल त्या विकरालाच मारून टाकतं, मग बॉम्ब फुटणार कुठून? आपल्या आज्या-पणज्या हे विकरशास्त्र रोज दोन वेळा करत होत्या आणि त्याला 'फेसणं' आणि 'फोडणी' म्हणत होत्या.

आता याच्याही वरची कडी ऐका. कोबीवर पडणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग शेतकऱ्यांना चांगलाच माहीत आहे. त्याच्या अळीकडे असं एक विकर असतं, की ती बॉम्ब फुटायच्या आतच त्याची वात काढून घेते. एवढंच नाही, त्या गंधकी वासाचाच माग काढत मादी अंडी घालायला शेतात येते. शत्रूला पळवण्यासाठी लावलेली पाटी शत्रूने पत्ता म्हणून वापरली! मग माणसाने पुढचा डाव टाकला. कोबीच्या काही ओळींनंतर मोहरीची एखादी ओळ लावायची. पतंगाला मोहरी जास्त आवडते, तो तिकडे वळतो आणि कोबी वाचतो. चुलत बहीण अशी उपयोगी पडते.

तर गड्ड्यात शिदोरी आहे आणि बॉम्ब आहे. स्वयंपाक म्हणजे शिदोरी उघडायची आणि बॉम्ब निकामी करायचा. मग आपण नेमकं चुकतो कुठे?

पाण्यात. कोबी बारीक चिरला की असंख्य डब्या फुटतात. मग तो पाणी घालून, झाकण ठेवून बराच वेळ शिजवला, की गंधकाची रसायनं आणखी तुटतात आणि त्यांतून हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू निघतात. हा सडक्या अंड्याचा वास. माणसाचं नाक या वायूच्या बाबतीत इतकं तिखट आहे, की हवेच्या एक अब्ज रेणूंमागे त्याचे मोजके रेणू असले तरी ते पकडतं. जिन्यात पाय टाकताच कुणाकडे कोबी शिजतोय ते कळतं, ते यामुळे. जितका वेळ शिजवाल तितका वास वाढतो, आणि झाकणाखाली तो कोंडून पुन्हा भाजीतच मुरतो. बिचाऱ्या कोबीची सगळी बदनामी या जिन्यातून सुरू झाली आहे.

म्हणून ओव्हनसाठी काप मोठे करायचे. आठ काप म्हणजे सुरीचे मोजके वार, फुटणाऱ्या डब्या कमी. आणि प्रत्येक कापाला दांड्याचा तुकडा राहू द्यायचा. तो दांडा म्हणजे खोड, सगळी पानं त्यालाच धरून आहेत. तो काढला की काप ट्रेमध्ये पत्त्यांसारखा विस्कटलाच.

मग तेल. वरवर पाहता साधी गोष्ट, पण गड्ड्याच्या बाहेरच्या पानावर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. अळवावरच्या पाण्यासारखे टपोरे मोती होऊन ते घरंगळून जातील. पानावर मेणाच्या सूक्ष्म कणांचा लेप असतो, तो पाण्याला टेकू देत नाही. तेलाचं मात्र मेणाशी जमतं. ते पसरतं, पानांच्या फटींत शिरतं, मीठ धरून ठेवतं आणि पान आणि तापलेला पत्रा यांच्यामधली हवेची फट भरून काढतं. ही फट किती महत्त्वाची आहे, ते आता कळेल.

कारण आता काप ओव्हनमध्ये निघाले.

तुम्हाला कधी प्रश्न पडलाय का, की २२० अंशांच्या ओव्हनमध्ये ट्रे सरकवताना आपला हात भाजत कसा नाही? पाणी १०० अंशांनाच उकळतं. त्याच्या वाफेवर क्षणभर हात गेला तरी फोड येतो. ओव्हनमधली हवा त्याच्या दुपटीहून गरम, आणि तरी आपण निवांत हात घालून ट्रे मांडतो! फक्त पत्र्याला बोट लागलं, की मात्र बोंब.

याचं उत्तर मजेशीर आहे. हवा गरम असते, पण तिच्या हातात देण्यासारखं फारसं काही नसतं. तिचे रेणू विरळ, आणि उष्णता पुढे सरकवण्यात ती अत्यंत आळशी. वाफ मात्र त्वचेवर पडताच पाणी होते आणि पोटातली सगळी उष्णता तिथेच ओतते. पत्रा तर उष्णतेचा उधळ्या दानशूर.

ही गोष्ट १७७४ साली लंडनमध्ये काही विद्वानांनी स्वतःच्या अंगावर तपासून पाहिली. जॉर्ज फोर्डाइस नावाच्या डॉक्टरने खोल्या भट्टीसारख्या तापवल्या आणि चार्ल्स ब्लॅग्डेन आपल्या मित्रांसह आत जाऊन उभा राहिला. पारा चढत गेला १२७ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे उकळत्या पाण्याच्या कितीतरी वर. ब्लॅग्डेन त्यात सुमारे आठ मिनिटं थांबला आणि धडधाकट बाहेर आला. घामाने त्याचं अंग गार ठेवलं, आणि आळशी हवेने त्याला वाचवलं. त्याच खोलीत पत्र्यावर ठेवलेली अंडी मात्र वीसेक मिनिटांत भाजून कडक झाली!

पुढचा प्रयोग तर आणखी भन्नाट. त्यांनी तिथे मांसाचे तुकडे ठेवले. एक तुकडा ३३ मिनिटांत जास्तच भाजून निघाला. मग दुसऱ्या तुकड्यावर त्यांनी भात्याने हवा मारली. लोहाराकडे असतो तसल्या भात्याने. तुकडा १३ मिनिटांत तयार! खोली तोवर आणखी तापली होती हे खरं, पण भात्याचाही यात हात होता. तो कसा? वस्तूभोवती गार आणि ओलसर हवेचं एक पातळ पांघरूण तयार होतं. भाता ते सारखं ओढून काढतो आणि ताजी गरम हवा आणतो. तुमच्या ओव्हनमध्ये कन्व्हेक्शनचा पंखा असेल, किंवा ओट्यावर एअर फ्रायर असेल, तर आत गरगरतोय तो ब्लॅग्डेनचा भाता.

आणि हा योगायोग बघा. त्या तापलेल्या खोलीतल्या मंडळींत जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर होते. हे दोघे त्याआधी जेम्स कुकच्या एन्डेव्हर जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले होते. १७६८ साली निघालेल्या त्या जहाजात, खलाशांच्या हिरड्यांतून रक्त काढणाऱ्या स्कर्व्हीवर उतारा म्हणून पिंपंच्या पिंपं भरून काय नेलं होतं? आंबवलेला कोबी! खलाशी आधी त्याला शिवेनात. मग कुकने तो रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला. साहेब खातात म्हटल्यावर त्यालाही भाव आला, आणि काही दिवसांत तो मोजून द्यायची वेळ आली. कोबीचा जुना रोग तोच, चव नव्हे, प्रतिष्ठा.

बरं, परत आपल्या ट्रेकडे. पहिली पंधरा-वीस मिनिटं काचेतून बघाल तर काहीच घडताना दिसत नाही. नुसता चुर्र आवाज. ओव्हन २२० ला, पण कोबी ढिम्म. का?

कारण कोबी म्हणजे मुख्यतः पाणी. शंभर ग्रॅम कोबीत सुमारे ९२ ग्रॅम पाणी असतं. आणि पाणी ही भयंकर हट्टी वस्तू आहे. ते १०० अंशांना पोचतं आणि तिथेच ठाण मांडतं. पुढची सगळी उष्णता ते स्वतःच्या वाफेवर खर्च करतं. खोलीच्या तापमानाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट तेच पाणी पूर्ण उडवायला लागते. म्हणजे पान ओलं आहे तोवर भोवती २२० असो की ३००, त्याचं तापमान शंभरीच्या पुढे जात नाही.

हिशेब करून बघू या. किलोभर गड्डा भाजून ६०० ग्रॅम उरला असं धरा. ४०० ग्रॅम पाणी उडालं. ते उडवायला लागलेली उष्णता म्हणजे १५०० वॅटचा ओव्हन पूर्ण ताकदीने दहा मिनिटं चालवण्याइतकी. आणि ते पाणी गेलं कुठे? पाण्याच्या एका ग्रॅमची जवळपास १.७ लिटर वाफ होते. ४०० ग्रॅमची झाली सुमारे ६७० लिटर! तीस लिटरचा घरगुती ओटीजी वीस-बावीस वेळा काठोकाठ भरून रिकामा व्हावा, एवढी वाफ तुमच्या नकळत दाराच्या फटींतून निघून गेली. जाताना ती गंधकाचे बरेच वायू बरोबर घेऊन गेली.

म्हणूनच काप एकमेकांना खेटून ठेवायचे नाहीत. गर्दी केली की वाफेला वाट मिळत नाही, ट्रेचं मोदकपात्र होतं, आणि पुन्हा जिन्यातला वास.

आता कान द्या. वीस मिनिटांच्या आसपास चुर्र आवाज मंदावतो. हा आवाज म्हणजे पाणी निघून जाण्याचा आवाज होता. तो बारीक झाला म्हणजे कडांवरचं पाणी संपत आलं. पाण्याचा पहारा उठला. आता कडा शंभरच्या पुढे जातात, ११०, १२०, १४०... आणि खरी जादू सुरू होते.

कोबीची शिदोरी आता मोजू. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३.२ ग्रॅम साखर. ऐकायला किरकोळ वाटते. पण किलोच्या गड्ड्यात ती ३२ ग्रॅम होते, चहाचे सहा-सात चमचे. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्येही साधारण तेवढीच असते! कोल्ड्रिंक गोड लागतं आणि कोबी लागत नाही, कारण कोबीची साखर तिपटीहून जास्त पाण्यात विरघळलेली, शिवाय पेशींच्या कोठड्यांत बंद. आता त्यातलं ४०० ग्रॅम पाणी काढा. साखर तीच, गड्डा लहान. ३.२ टक्क्यांवरून ती पाच टक्क्यांच्या पुढे जाते आणि कोबी थेट गाजराच्या पंक्तीला येऊन बसतो. उष्णतेने पेशींच्या भिंती ढिल्या पडल्या, की तो रस जिभेवर सहज उतरतो. उसाचा रस आटवून गूळ करतात. ओव्हनमध्ये पानापानात छोटी छोटी गुऱ्हाळं चाललेली असतात.

आणि ही साखर कोणती? जवळजवळ सगळी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. जणू कुणीतरी भाजण्यासाठीच निवडून ठेवलेली! कारण या दोन साखरा प्रथिनांच्या घटकांशी, म्हणजे अमिनो आम्लांशी, सरळ हातमिळवणी करू शकतात. आपली नेहमीची साखर आधी तुटल्याशिवाय ते करू शकत नाही.

या हातमिळवणीचा शोध लुई कामीय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ साली प्रसिद्ध केला. त्याने ग्लुकोज आणि ग्लायसिन हे साधं अमिनो आम्ल पाण्यात तापवलं. दोन्ही पांढऱ्या पुडी. द्रावण आधी पिवळं पडलं, मग तपकिरी, आणि त्यातून बुडबुडे येऊ लागले. त्याला स्वयंपाकात रस नव्हता. पेशींमध्ये प्रथिनं कशी बनत असतील, याचा तो शोध घेत होता. पण त्या नळीत त्याला सापडलं ते जगातल्या प्रत्येक स्वयंपाकघराचं गुपित. भाकरीवरचे डाग, थालीपिठाच्या भाजणीचा घमघमाट, खरपूस कांदा, पावाचा लालसर पापुद्रा, भाजलेली कॉफी, सगळीकडे हीच मायार अभिक्रिया. दोन पुडींपासून सुरू होऊन तिला इतके फाटे फुटतात, की शेकडो नवे गंध तयार होतात. काही शेंगदाण्यासारखे, काही कॅरॅमलसारखे, काही टोस्टसारखे. यातला एकही त्या गड्ड्यात आधी नव्हता. ते गंध त्या क्षणी, त्या कडेवर जन्माला येतात.

पाण्यात शिजणाऱ्या भाजीला हे सुख नाही. पातेल्यात तिची कमाल मर्यादा १०० अंश, कुकरमध्ये १२० च्या आसपास, आणि तिथेही सगळं ओलं. म्हणून उकडलेला कोबी उकडलेलाच राहतो.

पण मग संपूर्ण काप कोरडा, करपट का होत नाही? इथे कळीची घडण कामाला येते. पानांच्या घड्यांमध्ये हवा आणि ओल अडकलेली असते. बाहेरच्या कडा भाजत असताना आतली पानं स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजतात. पेशींना जोडणारं पेक्टिन, म्हणजे त्यांच्यामधला चुना-सिमेंट, विरघळत जातं आणि पानं लोण्यासारखी होतात. एकाच कापात, एकाच वेळी, बाहेर तवा आणि आत मोदकपात्र! असं भांडं बाजारात विकत मिळत नाही. ते कोबीने स्वतःभोवती गुंडाळून आणलेलं असतं.

या भाजीचं आणि भट्टीचं आपल्याकडचं नातंही जुनं आहे. 'कोबी' हा शब्द पोर्तुगीज 'कोव्ह' वरून आला आणि 'पाव' पोर्तुगीज 'पांव' वरून. दोघं एकाच दर्यावर्दी लोकांच्या तोंडून आपल्या भाषेत उतरले. पाव भट्टीत गेला. गोव्यात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, फोर्नातून (भट्टीतून) आजही रोज पहाटे तो बाहेर येतो. कोबी मात्र कढईत गेला आणि तिथेच रमला. भट्टीच्या दारात त्यांची भेट व्हायला उशीर झाला, एवढंच. सातासमुद्रापार संसार मांडलेल्या मराठी घरांत शेगडीखालीच ओव्हन असतो, तिथे ती भेट कधीच झाली आहे. आता आपल्या ओट्यावरच्या ओटीजीतही होऊ द्या.

कृती म्हणाल तर एवढीच. किलोभराचा घट्ट गड्डा, आठ काप, दांड्यासकट. तीन टेबलस्पून तेल, पाऊण चमचा मीठ. ओव्हन आधी पूर्ण तापवलेला, दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खणात. वीस मिनिटांनी उलटा, मग अजून पंधरा. आवाज ऐका, कडा बघा. तांबूस हव्यात, टोकं थोडी काळी झाली तर बिघडत नाही, पण सगळा काप काळा पडू लागला तर कडवटपणा येतो. बाहेर काढल्यावर लिंबू पिळा. वरण-भाताशेजारी वाढा, किंवा नुसता खा.

आणि शेवटी एक गंमत करा. अर्ध्या कापांवर मोहरीची फोडणी घाला. उरलेल्यांवर चमचाभर फेसलेली मोहरी दह्यात कालवून ओता.

पहिला घास घ्या. खमंग, शांत, गोड. दोन्ही चुलत भावंडांनी आगीसमोर शस्त्रं खाली ठेवली आहेत. आता दुसरा घास. तोच गोड कोबी, पण नाकात झणका, डोळ्यांच्या कडा ओल्या. इथे भाऊ नमला आहे आणि बहीण अजून पहाऱ्यावर आहे, ज्या शिदोरीची ती राखण करत होती, ती आपण केव्हाच फस्त केली हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.